आपत्कालीन शीतकरण यंत्रणा सुरू झाल्याच्या घटना आणि त्यांतून शिकणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या अणुऊर्जा प्रकल्पात आपत्कालीन शीतकरण यंत्रणा सुरू झाल्याची बातमी आली की वाचकांकडून बहुतेक त्याच त्या शंका येतात. त्या येथे साध्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने एकत्र केल्या आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. तोच मुद्दा दुसरीकडे अधिक सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भट्टी बंद केली की साखळी अभिक्रिया थांबते. मग आपत्कालीन शीतकरण कशासाठी लागते?

साखळी अभिक्रिया काही सेकंदांत थांबते हे खरे; परंतु विखंडनातून तयार झालेल्या किरणोत्सारी द्रव्यांचा ऱ्हास चालूच राहतो आणि त्यातून निघणारी उष्णता कोणत्याही बटणाने बंद करता येत नाही. ३००० मेगावॉट औष्णिक क्षमतेची भट्टी बंद होताक्षणी सुमारे ६ ते ७ टक्के, म्हणजे २०० मेगावॉटच्या आसपास उष्णता निर्माण करत असते. तासाभराने हे प्रमाण साधारण दीड टक्क्यावर येते आणि एक दिवस उलटल्यावरही अर्ध्या टक्क्याच्या आसपास उष्णता उरतेच. नेहमीचे शीतक फुटलेल्या नळीतून किंवा उघड्या राहिलेल्या झडपेतून निघून जाऊ लागले, तर ही उष्णता वाहून नेण्यासाठी गाभ्यात, म्हणजे इंधन असलेल्या भागात, बाहेरून पाणी घालणारी जी व्यवस्था असते, तिला आपत्कालीन गाभा शीतकरण यंत्रणा किंवा ईसीसीएस म्हणतात.

दाबयुक्त पाण्याच्या भट्टीत तिचे ढोबळमानाने तीन भाग असतात. लहान गळतीत भट्टीतला दाब फारसा उतरत नाही, म्हणून तेथे उच्च दाबाचे पंप लागतात. मोठी नळी फुटली तर नायट्रोजनच्या सुमारे ४० बार दाबाखाली ठेवलेल्या टाक्या, वीज नसतानाही, आतला दाब त्याहून खाली जाताच आपले पाणी सोडतात. त्यानंतर कमी दाबाचे पण मोठ्या प्रवाहाचे पंप काम हाती घेतात. हे पाणी बोरॉनमिश्रित असते. साठ्याची टाकी रिकामी होत आली की पंप इमारतीच्या तळाशी, संपमध्ये साचलेले पाणीच पुन्हा ओढू लागतात. या शेवटच्या टप्प्याने अभियंत्यांना बरेच काही शिकवले आहे. त्याविषयी प्रश्न ६ पाहावा.

२. ही यंत्रणा माणूस सुरू करतो की ती आपोआप सुरू होते?

दोन्ही प्रकारे. दाबयुक्त पाण्याच्या भट्टीत शीतकाचा दाब नेहमी सुमारे १५५ बार असतो. तो ठरवून दिलेल्या मर्यादेखाली घसरला, कंटेनमेंटमधला (भट्टीभोवतीच्या हवाबंद इमारतीतला) दाब वाढला किंवा मुख्य वाफवाहिनीतला दाब एकाएकी पडला, तर संरक्षण प्रणाली स्वतःहून आदेश देते. उकळत्या पाण्याच्या भट्टीत मुख्य निकष पात्रातल्या पाण्याच्या पातळीचा असतो. एकाच मापकावर विसंबून आदेश निघू नये म्हणून तीनपैकी दोन किंवा चारपैकी दोन मापकांनी तीच गोष्ट सांगितली तरच तो ग्राह्य धरला जातो. ऑपरेटरला धोका आधी जाणवला तर तो स्वतः बटण दाबू शकतो आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

हा एक आदेश केवळ पंप सुरू करून थांबत नाही. भट्टी ट्रिप होते, म्हणजे एकदम बंद पडते, डिझेल जनित्रे सुरू होतात, कंटेनमेंटच्या अनेक झडपा बंद होतात आणि नेहमीचा पाणीपुरवठा तोडला जातो. त्यामुळे कारण क्षुल्लक असले तरी नियंत्रण कक्षाला काही मिनिटांत बदललेला प्रकल्प हाताळावा लागतो.

३. यंत्रणा सुरू झाली म्हणजे अपघात झाला, असे समजायचे का?

नाही. अनेक घटनांत कोठेही नळी फुटलेली नसते. वाफेच्या बाजूने उष्णता गरजेपेक्षा वेगाने काढली गेल्यामुळे शीतक आकुंचन पावते, दाब घसरतो आणि यंत्रणेच्या दृष्टीने ही परिस्थिती गळतीसारखीच दिसते. अमेरिकेतील रँचो सेको प्रकल्पात २० मार्च १९७८ रोजी पॅनेलवरचा एक लहान दिवा बदलताना तो हातातून निसटला, मापकांना वीज देणाऱ्या डीसी पुरवठ्यात शॉर्ट सर्किट झाले आणि नियंत्रण कक्षातली बरीचशी मापने चुकीची किंवा निरर्थक झाली. त्याच मापनांवर चालणाऱ्या पाणीपुरवठा नियंत्रणाची दिशाभूल होऊन शीतकाचे तापमान सुमारे तासाभरात १५० हून अधिक अंश सेल्सियसने उतरले आणि त्या ओघात आपत्कालीन यंत्रणाही सुरू झाली. कोठेही नळी फुटली नव्हती, तरीही ही घटना गंभीर मानली जाते; ते का, हे प्रश्न ७ मध्ये आहे.

४. 'वैध' आणि 'अवैध' संकेत यांत फरक काय? अवैध असेल तर शिकण्यासारखे काय उरते?

प्रत्यक्ष परिस्थितीने ठरलेली मर्यादा खरोखर ओलांडल्यामुळे किंवा ऑपरेटरने जाणूनबुजून दिल्यामुळे निघालेला आदेश वैध. मापकातला बिघाड, दुरुस्तीतली चूक किंवा सर्किटमधला दोष यांमुळे निघालेला आदेश अवैध. येथे 'वैध' याचा अर्थ 'आवश्यक' असा नाही, हे ध्यानात ठेवावे. रँचो सेकोत दाब खरोखरच खाली गेला होता, म्हणून आदेश वैध ठरला. पण गाभ्यातून पाणी गळत नव्हते.

अवैध म्हणून घटना बाजूला टाकणे मात्र महागात पडू शकते. अमेरिकेतील मिलस्टोनच्या तिसऱ्या भट्टीत १७ एप्रिल २००५ रोजी, पूर्ण क्षमतेने काम चालू असताना, एका ट्रेनमध्ये (यंत्रणेच्या दोन स्वतंत्र, सारख्या शाखांपैकी एकीत) वाफवाहिनीचा दाब कमी झाल्याचा खोटा संकेत निघाला, भट्टी ट्रिप झाली आणि आपत्कालीन पाणी आत जाऊ लागले. सर्किट कार्ड जपून ठेवून तपासले गेले, तेव्हा कथिलाच्या मुलाम्यातून वाढलेली केसाहून बारीक धातूची तार दोन बिंदूंना जोडत असल्याचे दिसले. कथिलाचा असा तंतू वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो आणि नेहमीच्या विद्युत चाचणीत सापडेलच असे नाही. तेच कार्ड बदलून, रिसेट करून, 'पुन्हा आढळले नाही' असा शेरा मारला असता तर तशाच बनावटीच्या इतर कार्डांकडे कोणाचे लक्ष गेले नसते. शिवाय खोट्या आदेशानंतर प्रकल्पात जे घडते ते खोटे नसते: पंप खरे पाणी ढकलतात, झडपा खरोखर उघडतात आणि ऑपरेटरला खरोखर निर्णय घ्यावे लागतात.

५. प्रत्येक वेळी नियामकाला कळवावे लागते का?

देशोदेशी नियम वेगळे आहेत. अमेरिकेत वैध संकेतामुळे आपत्कालीन पाणी शीतक मंडलात गेले, किंवा जायला हवे होते, तर ४ तासांत दूरध्वनीने कळवावे लागते आणि ६० दिवसांत लेखी घटना-अहवाल द्यावा लागतो. बहुतांश अवैध घटनांसाठी लेखी अहवालाऐवजी ६० दिवसांत दूरध्वनीवरून माहिती देण्याची मुभा आहे. ही मुभा प्रशासकीय सोयीची आहे. तिच्यावरून घटनेचे तांत्रिक महत्त्व ठरवू नये.

दाबयुक्त पाण्याच्या अनेक अमेरिकी भट्ट्यांच्या तांत्रिक अटींत आणखी एक तरतूद असे: पाणी प्रत्यक्ष आत गेले तर ९० दिवसांत विशेष अहवाल, त्यात आजवरच्या अशा सर्व घटनांची एकूण संख्या आणि, पाणी जिथून आत शिरते त्या नोझलचा थकवा-गुणांक (धातू किती थकला हे सांगणारा आकडा, प्रश्न ७) ०.७० च्या वर गेला असल्यास, तो आकडा.

६. पंपांची चाचणी ठरावीक मुदतीने होतच असते. मग प्रत्यक्ष घटनेतून वेगळे काय कळते?

चाचणीत स्वच्छ पाणी स्वच्छ टाकीतून निघून बहुधा त्याच टाकीत परत जाते. घटनेत पाणी कोठून येते, त्यात काय मिसळलेले असते, नळीत आधीपासून काय साचलेले असते, हे सगळे बदलते. यंत्रणेच्या इतिहासातल्या सर्वात मोठ्या सुधारणा या फरकातून आल्या आहेत.

स्वीडनमधील बार्सेबेकच्या दुसऱ्या भट्टीत २८ जुलै १९९२ रोजी भट्टी पुन्हा सुरू करताना एक सुरक्षा-झडप उघडली. बाहेर पडलेल्या वाफेच्या झोताने शेजारच्या नळ्यांवरचे मिनरल वूलचे उष्णतारोधक आवरण उचकटून टाकले. सुमारे २०० किलो आवरण निघाले आणि त्यातले जवळपास निम्मे खालच्या पाण्याच्या कुंडात वाहून गेले. पंपांच्या तोंडावरच्या गाळण्या आराखड्यानुसार १० तास धुवाव्या न लागता चालायला हव्या होत्या. त्या सुमारे तासाभरातच तुंबल्या. ऑपरेटरांनी उलट प्रवाह सोडून त्या मोकळ्या केल्या आणि भट्टीला इजा झाली नाही. पण स्वीडनने त्याच धर्तीच्या पाच जुन्या भट्ट्या बंद ठेवून गाळण्या बदलून घेतल्या. पुढे ११ सप्टेंबर १९९५ रोजी अमेरिकेत लिमरिकच्या पहिल्या भट्टीतही कुंडातल्या तंतूंनी आणि गाळाने एक गाळणी तुंबली, आणि हा प्रश्न आधी उकळत्या पाण्याच्या, मग दाबयुक्त पाण्याच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचला. पंपाची चाचणी कितीही वेळा केली असती तरी आवरणाचे तंतू गाळणीवर बसून त्यांचा थर कसा होतो हे दिसले नसते, कारण चाचणीत आवरण कोणी उचकटत नाही.

कधी मात्र चाचणीच घटना होते. जपानमधील हामाओकाच्या पहिल्या भट्टीत ७ नोव्हेंबर २००१ रोजी उच्च दाबाच्या आपत्कालीन पंपाची ठरलेली चाचणी सुरू होताच त्याच्या वाफवाहिनीला जोडलेली एक नळी फुटली. किरणोत्साराने पाण्याचे विघटन होऊन तयार झालेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन त्या बंद टोकाच्या नळीत साचला होता आणि पंप सुरू होताना झालेल्या दाबाच्या बदलाने तो पेटला. पंप निकामी झाला तो स्वतःच्या दोषाने नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मनीतील ब्रुन्सब्युटेल येथेही साचलेल्या अशाच वायूने नळी फोडली.

नळीत साचलेल्या साध्या हवेनेही पंपाचा प्रवाह तुटू शकतो. अमेरिकेत पालो वेर्दे प्रकल्पात २००४ मध्ये संपकडून येणाऱ्या नळीचा दोन झडपांमधला भाग पाण्याने भरलेला नसून कोरडा असल्याचे आढळले आणि २००८ मध्ये नियामकाने सर्वच प्रकल्पांना अशा साठ्यांचा हिशेब मागितला.

७. एवढे थंड पाणी आत सोडल्याने भट्टीचे नुकसान होत नाही का?

होऊ शकते, आणि म्हणूनच प्रत्येक घटना मोजून ठेवतात. यात दोन वेगळ्या चिंता आहेत. पहिली पोलादी पात्राची. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पात्राचे पोलाद वर्षांगणिक ठिसूळ होत जाते. अशा पात्राची आतली बाजू एकाएकी थंड झाली आणि त्याच वेळी दाब मात्र पुन्हा चढला, तर आधीच असलेली लहानशी भेग वाढण्याचा धोका असतो. रँचो सेकोच्या घटनेने हा धोका चर्चेत आणला आणि पुढे अमेरिकेत त्यासाठी स्वतंत्र नियम झाला.

दुसरी चिंता नोझल आणि नळ्यांच्या थकव्याची. प्रत्येक घटनेत तापलेल्या धातूवर थंड पाणी आदळते. आराखड्यात अशा किती घटना सोसायच्या हे आधीच ठरवलेले असते आणि प्रत्येक घटना त्यातला थोडा वाटा खर्च करते. थकवा-गुणांक १ झाला म्हणजे गणिताने दिलेली सगळी मुभा संपली. पण हे गणित ज्या घटना नोंदल्या गेल्या त्यांचेच असते. अमेरिकेतील फार्लेच्या दुसऱ्या भट्टीत डिसेंबर १९८७ मध्ये आणि बेल्जियममधील तिहांजच्या पहिल्या भट्टीत जून १९८८ मध्ये आपत्कालीन इंजेक्शनच्या नळ्यांना आरपार तडे गेले. यंत्रणा बंद असतानाही झडपेतून सतत थोडेथोडे झिरपणाऱ्या थंड पाण्याने धातू आळीपाळीने गरम-थंड होत राहिला होता. तो झिरपा कोणत्याही नोंदीत नव्हता.

८. थ्री माइल आयलंडमध्ये यंत्रणा आपोआप सुरू झाली होती. मग गाभा वितळला कसा?

कारण ती आवरती घेण्यात आली. २८ मार्च १९७९ च्या पहाटे या अमेरिकी प्रकल्पाच्या दुसऱ्या भट्टीत प्रेशरायझरच्या (शीतकाचा दाब राखणाऱ्या टाकीच्या) माथ्यावरची दाबमोचक झडप उघडली आणि पुन्हा मिटली नाही. सुमारे दोन मिनिटांत उच्च दाबाचे पंप आपोआप सुरू झाले. पण गळती माथ्यावरच असल्यामुळे खाली पाणी उकळून कमी होत असतानाही प्रेशरायझरमधली पातळी चढत होती. प्रेशरायझर पूर्ण भरून दाबावरचा ताबा जाऊ द्यायचा नाही, हे प्रशिक्षणात ऑपरेटरांच्या मनावर बिंबवलेले होते. म्हणून त्यांनी काही मिनिटांतच एक पंप बंद केला आणि दुसऱ्याचा प्रवाह खूप कमी केला. झडपेचा दिवा विझलेला होता, परंतु तो झडप मिटल्याचे सांगत नव्हता. झडप हलवणाऱ्या विद्युतचुंबकाची (सोलेनॉइडची) वीज तोडली गेली एवढेच सांगत होता. गळतीच्या मार्गातली अडवणारी झडप दोन तास वीस मिनिटांच्या सुमारास बंद झाली. तोवर फार उशीर झाला होता. जवळपास निम्मा गाभा वितळला.

यंत्रणा कशी सुरू झाली यावर प्रत्येक अहवालात तपशील असतो. आमच्या मते त्याहून अधिक शिकवणारा प्रश्न हा, की ती कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे थांबवली. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हाच प्रश्न पुन्हा समोर येईल.

९. तसाच प्रसंग आधी दुसरीकडे घडला होता म्हणतात. तो धडा का पोहोचला नाही?

घडला होता. २४ सप्टेंबर १९७७ रोजी डेव्हिस-बेसी येथील त्याच कंपनीच्या आराखड्याच्या भट्टीत तीच झडप उघडी राहिली, प्रेशरायझरची पातळी तशीच चढली आणि तेथेही ऑपरेटरांनी इंजेक्शन लवकर थांबवले. फरक दोन होते: भट्टी केवळ ९ टक्के क्षमतेवर होती, आणि सुमारे वीस मिनिटांत झडपेचा संशय येऊन पुढची झडप बंद केली गेली. इंधनाला काही झाले नाही, आणि 'काही झाले नाही' हाच त्या घटनेचा सारांश ठरला. आराखडा करणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यांनी ऑपरेटरांना इंजेक्शन लवकर थांबवू नका असे सांगायला हवे, अशी अंतर्गत टिपणे लिहिली होती. ती विभागाविभागांत फिरत राहिली आणि थ्री माइल आयलंडच्या ऑपरेटरांपर्यंत त्यातली सूचना पोहोचली नाही.

१०. आता यंत्रणा कधी थांबवायची हे कसे ठरते? शंका असेल तर ती चालूच ठेवणे सुरक्षित नाही का?

थ्री माइल आयलंडनंतर कार्यपद्धती लक्षणांवर आधारित झाल्या. काय बिघडले आहे हे ओळखण्याआधीही ऑपरेटरने काही गोष्टी पाहायच्या असतात: शीतक उत्कलनबिंदूपासून पुरेसे खाली आहे का, वाफजनित्रांकडून (शीतकाच्या उष्णतेने वाफ बनवणाऱ्या पात्रांकडून) उष्णता निघत आहे का, दाब स्थिर आहे की वाढतो आहे, आणि प्रेशरायझरमध्ये पाणी दिसते का. हे चारही निकष पुरे झाले तरच इंजेक्शन थांबवायचे. एकट्या पातळीवर निर्णय घेता येत नाही.

'शंका असेल तर चालू ठेवा' हे सुरुवातीच्या मिनिटांपुरते योग्य आहे. वाफजनित्राची नळी फुटलेली असताना इंजेक्शन लांबले, तर तेच पाणी फुटक्या नळीतून वाफेच्या बाजूला जाते. न्यूयॉर्क राज्यातील गिना प्रकल्पात २५ जानेवारी १९८२ रोजी असेच झाले: पात्राच्या माथ्याशी वाफेचा फुगा झाला असावा या रास्त काळजीने इंजेक्शन थांबवायला उशीर झाला आणि बाधित वाफजनित्राची सुरक्षा-झडप उघडून किरणोत्सारी वाफ बाहेर गेली. सेलमच्या पहिल्या भट्टीत ७ एप्रिल १९९४ रोजी नदीतल्या गवताने पाणी ओढण्याचे तोंड तुंबले, घाईने शक्ती कमी करताना भट्टी ट्रिप झाली आणि वाफवाहिनीतल्या क्षणिक दाबलहरीने इंजेक्शनचा आदेश निघाला, तोही दोनपैकी एकाच ट्रेनमध्ये. दोन्ही ट्रेनची झडपा-पंपांची स्थिती जुळवण्यात वेळ गेला. पाणी जात राहून प्रेशरायझर काठोकाठ भरला, आणि दाब सोडणाऱ्या झडपा पाण्यावरच पुन्हा पुन्हा उघडत-मिटत राहिल्या. थ्री माइल आयलंडच्या ऑपरेटरांना ज्याची भीती होती ते सेलममध्ये घडले, आणि भट्टी त्यातूनही सुरक्षित बाहेर आली. प्रेशरायझर भरण्याची आणि गाभा पाण्याविना राहण्याची, या दोन भीतींपैकी कोणती मोठी, याचा तो एक प्रत्यक्ष पुरावा म्हणायला हरकत नाही.

११. चांगल्या घटना-तपासात काय काय पाहतात?

संगणकीय नोंदींवरून मिलिसेकंदांपर्यंतचा क्रम लावणे हे सोपे काम आहे. अवघड काम म्हणजे प्रत्येक टप्प्याला नियंत्रण कक्षातल्या लोकांना काय दिसत होते आणि त्यावरून त्यांचा काय समज झाला होता, हे त्यांच्याकडून त्याच दिवशी, स्मृती ताजी असताना समजून घेणे. त्याखेरीज ज्या उपकरणांची त्या दिवशी गरज पडली नाही पण जी चालली नाहीत त्यांची यादी, आत गेलेल्या पाण्याचे प्रमाण आणि तापमान, नोझलचा थकवा-गुणांक, आणि संशयित भाग बदलण्याआधी तो जसाच्या तसा राखून ठेवणे ही कामे येतात. शेवटच्या कामाचे महत्त्व प्रश्न ४ मधल्या सर्किट कार्डावरून कळेल.

१२. इजा न झालेली घटना किती गंभीर होती हे मोजता येते का?

अमेरिकेच्या नियामकाने १९७९ पासून त्यासाठी पूर्वसूचक घटनांचा कार्यक्रम चालवला आहे. घटना घडली हे गृहीत धरून उरलेली संरक्षणे फसण्याची शक्यता काढतात. गाभ्याला इजा होण्याची शक्यता दहा लाखांत १ किंवा अधिक निघाली तर घटना पूर्वसूचक, आणि हजारात १ किंवा अधिक निघाली तर लक्षणीय पूर्वसूचक मानली जाते. आकडे अचूक आहेत असे कोणी मानत नाही. मात्र डेव्हिस-बेसीसारख्या निरुपद्रवी शेवटाच्या घटना ढिगाऱ्यातून वेगळ्या काढायला ते उपयोगी पडतात.

१३. एका देशातला धडा दुसऱ्या देशात कसा जातो?

थ्री माइल आयलंडनंतर १९७९ मध्येच अमेरिकी वीज कंपन्यांनी 'इन्पो' ही संस्था काढली आणि चेर्नोबिलनंतर १९८९ मध्ये 'वानो' ही जागतिक संघटना उभी राहिली; दोन्ही प्रकल्पचालकांच्या आपसातल्या संस्था आहेत. नियामकांसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि ओईसीडीची अणुऊर्जा संस्था मिळून घटना-नोंदीची व्यवस्था चालवतात. माहिती पोहोचते, अडते ते पुढे. 'आमच्या भट्टीचा आराखडा वेगळा आहे' या वाक्याने बरेच अहवाल कपाटात गेले आहेत. बार्सेबेकचा प्रश्न दाबयुक्त पाण्याच्या भट्ट्यांत पूर्णपणे सोडवायला दशकाहून अधिक काळ लागला, तो माहिती मिळाली नव्हती म्हणून नव्हे.

१४. जड पाण्याच्या भट्ट्यांत ही यंत्रणा कधी खरोखर लागली आहे का?

लागली आहे. कॅनडातील पिकरिंगच्या दुसऱ्या भट्टीत १० डिसेंबर १९९४ रोजी एका दाबमोचक झडपेतला रबरी पडदा फाटला, त्यातून सुरू झालेल्या कंपनांनी एक नळी फुटली आणि आपत्कालीन पाण्याने गाभा थंड ठेवला. गुजरातमधील काक्रापारच्या पहिल्या भट्टीत ११ मार्च २०१६ रोजी एका शीतक-वाहिनीतून गळती झाली. भट्टी आपोआप बंद झाली, आपत्कालीन शीतकरणाने अपेक्षेप्रमाणे काम केले आणि प्रकल्पात आणीबाणी जाहीर झाली. पुढील तपासात दाबनलिकेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी झालेला गंज आणि भोवतीच्या कार्बन डायऑक्साइडमधली अशुद्धी यांकडे लक्ष गेले. यंत्रणा चालली ही समाधानाची गोष्ट, पण शिकायचे होते ते यंत्रणेपासून दूर, त्या नलिकेभोवतीच्या वायूत.

१५. फुकुशिमात यंत्रणा का चालली नाही?

सुरुवातीला ती चालली. ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर पहिल्या भट्टीचा आयसोलेशन कंडेन्सर (भट्टीतली वाफ थंड करून पाणी परत आत सोडणारे उपकरण) आपोआप सुरू झाला. काटेकोर वर्गीकरणात तो ईसीसीएसचा भाग नसला तरी काम तेच करतो. शीतक तासाला ५५ अंशांहून वेगाने थंड होऊ नये या नियमानुसार ऑपरेटरांनी तो काही मिनिटांत थांबवला आणि पुढे चालू-बंद करत राहिले. त्यांचे वागणे नियमाला धरूनच होते. त्सुनामी आली तेव्हा तो बंद अवस्थेत होता. वीज गेल्यावर झडपांची खरी स्थिती कळेना, आणि आपत्कालीन केंद्रात मात्र तो चालू आहे असा समज बराच काळ राहिला. तिसऱ्या भट्टीत उच्च दाबाचा पंप १३ मार्चला पहाटे हाताने थांबवला गेला, कारण कमी दाबाच्या पंपाकडे वळायचे ठरले होते. पण त्यासाठी दाब उतरवणाऱ्या झडपा बॅटरीअभावी उघडल्या नाहीत, आणि पंप थांबवल्याचे वर लगेच कळवलेही गेले नाही. दुसऱ्या भट्टीत वाफेवर चालणारा पंप, कोणाचे नियंत्रण नसताना, जवळजवळ ७० तास चालला. एक चालते यंत्र दुसरे प्रत्यक्ष सुरू होण्याआधी बंद करू नये, ही सूचना त्यानंतरच्या कार्यपद्धतींत ठळकपणे आली.

१६. चेर्नोबिलमध्ये आपत्कालीन शीतकरण आधीच तोडून ठेवले होते. स्फोटाचे कारण तेच ना?

नाही, आणि हा गैरसमज चिवट आहे. नियोजित चाचणीसाठी २५ एप्रिल १९८६ च्या दुपारी यंत्रणा वेगळी केली गेली. ग्रिडच्या विनंतीवरून चाचणी लांबली तरी भट्टी सुमारे अकरा तास तशीच चालवली गेली. आंतरराष्ट्रीय सल्लागार गटाच्या १९९२ च्या फेरअहवालाने यामुळे अपघाताची सुरुवात झाली किंवा त्याचा ओघ बदलला असे मानले नाही; शक्तीची उसळी काही सेकंदांची होती आणि शीतकरणाने ती आवरली नसती. सुरक्षा-यंत्रणा इतका वेळ बंद ठेवून चालवण्याचे कोणाला वावगे वाटले नाही, एवढ्यापुरता तो पुरावा महत्त्वाचा ठरला.

१७. यंत्रणा वर्षात एकदाही सुरू होऊ नये, असे उद्दिष्ट ठेवणे योग्य आहे का?

अनावश्यक आदेश कमी करणे योग्यच, कारण प्रत्येक वेळी धातू थकतो (प्रश्न ७) आणि ऑपरेटरवर ताण येतो (प्रश्न २). परंतु आकडा शून्य ठेवण्याचा दबाव बटण दाबायला कचरणाऱ्या ऑपरेटरपर्यंत किंवा मर्यादा सैल करण्याच्या प्रस्तावापर्यंत पोहोचला, तर तो उलटा पडतो. म्हणून मोजताना अवैध आदेश वेगळे धरावेत आणि ऑपरेटरने सावधगिरीने दिलेला आदेश, नंतर गरज नव्हती असे दिसले तरी, त्याच्या नावावर चूक म्हणून लावू नये.

१८. नव्या, पंपाविना चालणाऱ्या यंत्रणांत हे सगळे प्रश्न संपतात का?

काही संपतात, काही नव्याने उभे राहतात. एपी-१००० या आराखड्यात आपत्कालीन पाणी गुरुत्वाने आत येते. पंप नाही, म्हणून पंपाचा बिघाड नाही, आणि डिझेलवरही भिस्त नाही. पण गुरुत्वाने पाणी यायचे तर आतला दाब आधी जवळजवळ बाहेरच्या इतका उतरावा लागतो, आणि त्यासाठीच्या शेवटच्या टप्प्यातल्या झडपा स्फोटक भाराने उघडतात. त्या एकदा उघडल्या की पुन्हा मिटवता येत नाहीत. जुन्या भट्टीत खोटा आदेश निघाला तर प्रश्न १० मधले चार निकष तपासून पंप थांबवण्याची सोय असते. येथे मात्र खोटा आदेशच शीतक गळतीचा अपघात घडवून आणू शकतो आणि थांबवण्याजोगे काही हाताशी उरत नाही. म्हणून या आराखड्यात खोट्या आदेशाला झडपांपर्यंत पोहोचूच न देणारी अडवणूक स्वतंत्रपणे घातली गेली, आणि गरज असताना तीच अडवणूक खऱ्या आदेशाच्या आड येणार नाही हे सिद्ध करणे हा तिच्या परवान्यातला एक महत्त्वाचा भाग ठरला.